ब्रिटनमध्ये जपानहून आलेली जुनी स्कायलाइन घेताना काय काय तपासावे

प्रश्न थोडक्यात असा आहे. प्रश्नकर्ते लंडनच्या हॅरो भागात राहतात आणि १९९६ सालची निस्सान स्कायलाइन जीटी-आर, म्हणजे आर३३, घेण्याच्या विचारात आहेत. गाडी २००४ मध्ये जपानहून ब्रिटनमध्ये आली. विक्रेत्याने जपानी लिलावातल्या तपासणीपत्रकाची प्रत पाठवली असून त्यावर 'ग्रेड ४' आणि ७८,००० किलोमीटर अशी नोंद आहे. मीटरवर सध्या ९८,००० हा आकडा दिसतो. तो मैलांचा की किलोमीटरचा, हे विक्रेत्याला नीट सांगता येत नाही. इंजिनावर काम करून ताकद ४५० अश्वशक्तीपर्यंत नेल्याचे तो सांगतो आणि गाडी दाखवण्याआधीच एक हजार पौंड बयाणा मागतो. गाडीत काय तपासावे, त्याऐवजी माझदा आरएक्स-७ घेणे बरे का, आणि पुढेमागे पुण्याला परतताना गाडी सोबत नेता येईल का, असे त्यांनी विचारले आहे.

पुण्याचा मुद्दा आधी निकालात काढतो, कारण त्यावर तुमचा पुढचा सगळा हिशेब अवलंबून आहे. भारतात वापरलेली मोटार आणायची, तर ती उत्पादनाच्या तारखेपासून तीन वर्षांपेक्षा जुनी नसावी, उजव्या हाताच्या स्टिअरिंगची असावी आणि मुंबई बंदरातूनच यावी, अशा विदेश व्यापार धोरणाच्या अटी आहेत. १९९६ ची गाडी पहिल्याच अटीला अडते. त्यामुळे ही गाडी ब्रिटनमध्ये वापरून ब्रिटनमध्येच विकायची आहे असे धरून चला. कोणी 'आपण काहीतरी करू' असे आश्वासन देत असेल, तर त्याच्या नादी लागू नका. कागदपत्रांविना आलेली गाडी जप्त होऊ शकते आणि गेलेले पैसे परत मिळत नाहीत.

आता मूळ गाडीकडे वळतो. तुमच्या विक्रेत्याचा सगळा भर 'ग्रेड ४' वर आहे आणि नेमका तोच आधार सर्वांत कच्चा आहे. ते पत्रक खरे आहे असे क्षणभर गृहीत धरले, तरी ते २००४ मधल्या एका दिवसाचे वर्णन आहे. त्यानंतर या गाडीने ब्रिटनमधले वीसहून अधिक हिवाळे पाहिले आहेत आणि इथे हिवाळाभर रस्त्यांवर मीठ टाकले जाते. जपानच्या मध्य आणि दक्षिण भागातल्या गाड्यांना मिठाची फारशी सवय नसते. ब्रिटनसाठी विकल्या जाणाऱ्या गाड्यांना कारखान्यात गंजापासून जे जास्तीचे संरक्षण मिळते, तेही बहुतेक जपानी गाड्यांना मिळालेले नसते. म्हणून आयात केलेल्या गाडीचा विचार करताना ती जपानमध्ये कशी होती यापेक्षा ती इथे कशी ठेवली गेली, हे मी अधिक महत्त्वाचे मानतो. आर३३ चे इंजिन पैसे खर्च करून पुन्हा उभे करता येते. गंजलेला सांगाडा पुन्हा मूळच्या स्थितीत आणणे फार थोड्यांना जमते आणि त्याचा खर्च अनेकदा इंजिनापेक्षा जास्त होतो.

तरीही पत्रक वाचायला शिका, कारण त्यातून गाडीची सुरुवातीची गोष्ट कळते. जपानी लिलावगृहे गाडीला एकूण दर्जा देतात: अगदी कोरी असेल तर एस किंवा ६, उत्तम असेल तर ५ किंवा ४.५, चांगली वापरलेली ४, आणि त्याखाली ३.५, ३ असे आकडे येतात. आर किंवा आरए याचा अर्थ सांगाड्याच्या एखाद्या भागाची अपघातानंतर दुरुस्ती झाली आहे. ग्रेड १ हा अनेकदा मोठे फेरबदल केलेल्या गाडीला मिळतो, त्यामुळे तेवढ्यावरून तिला भंगार समजू नये. आतील सजावटीला ए ते डी अशी वेगळी श्रेणी असते. पत्रकावरच्या गाडीच्या आकृतीत अक्षरे लिहिलेली असतात: ए म्हणजे ओरखडा, यू म्हणजे पोचा, डब्ल्यू म्हणजे पत्रा ठोकून रंगवल्याची खूण, एस म्हणजे गंज, सी म्हणजे गंजाने पत्रा खाल्लेला, एक्स म्हणजे बदलण्याजोगा भाग आणि दोन एक्स म्हणजे बदललेला भाग. अक्षरापुढचा आकडा जितका मोठा, तितका दोष मोठा. तुम्ही सर्वांत आधी एस आणि सी शोधा. २००४ मध्ये मागच्या मडगार्डापाशी छोटासा एस असेल आणि नंतर त्यावर काही काम झाले नसेल, तर आज तिथे भोक असण्याची शक्यता मोठी आहे. हाताने लिहिलेल्या जपानी टिपणांचे भाषांतर एखाद्या जाणकाराकडून करून घ्या; विक्रेत्याने सांगितलेल्या अर्थावर विसंबू नका. आणि पत्रकावरचा चेसिस क्रमांक गाडीवरच्या क्रमांकाशी जुळतो का ते पाहा. तो खोडलेला किंवा प्रतीत कापला गेलेला असेल, तर ते पत्रक दुसऱ्याच गाडीचे असू शकते.

चेसिस क्रमांकाबद्दल थोडे सविस्तर सांगतो. जपानसाठी बनवलेल्या गाड्यांना आपण पाहतो तसा सतरा अक्षरांचा क्रमांक नसतो. खऱ्या आर३३ जीटी-आर चा क्रमांक बीसीएनआर३३ या अक्षरांनी सुरू होतो आणि तो बॉनेट उघडल्यावर इंजिनामागच्या आडव्या पत्र्यावर ठोकलेला असतो. ईसीआर३३ असे दिसले, तर ती जीटीएस२५टी आहे. तिच्यात एकच टर्बो असलेले २.५ लिटरचे इंजिन आणि फक्त मागच्या चाकांना जोर असतो. जीटी-आर चे बंपर, मडगार्ड आणि बिल्ले लावून अशी गाडी सजवली जाते. सजवण्यात गैर काही नाही, पण तिच्यासाठी जीटी-आर ची किंमत मोजू नये. इंजिनकप्प्यातच मॉडेलची पट्टीही असते आणि तिच्यावर रंगाचा संकेत असतो. क्यूएम१ म्हणजे पांढरा, एलपी२ म्हणजे गडद जांभळा. पट्टीवर क्यूएम१ आणि समोर जांभळी गाडी, असे असेल तर रंग केव्हा, का आणि कोणी बदलला, याचे उत्तर हवे. दाराच्या कडा, डिकीतला गालिचा उचलल्यावरचा पत्रा आणि बॉनेटच्या बिजागऱ्या या जागी मूळ रंग बहुधा शिल्लक असतो.

कागदांत पहिले व्ही५सी, म्हणजे इथले नोंदणीपुस्तक. त्यात उत्पादनाचे वर्ष, ब्रिटनमधल्या पहिल्या नोंदणीची तारीख आणि चेसिस क्रमांक तपासा. नोंदणीच्या वेळी जपानी निर्यात प्रमाणपत्र इथल्या वाहन नोंदणी खात्याकडे जमा करावे लागते, त्यामुळे विक्रेत्याकडे मूळ प्रत नसणे स्वाभाविक आहे. जपून वापरणाऱ्या मालकांनी तिची छायाप्रत ठेवलेली असते. तिच्यावर वर्ष जपानी कालगणनेत असते. हेइसेइ ८ म्हणजे १९९६, कारण हेइसेइच्या आकड्यात १९८८ मिळवायचे असतात. २००४ मध्ये ही गाडी दहा वर्षांच्या आतली होती, त्यामुळे त्या वेळच्या एसव्हीए, म्हणजे एकेका आयात गाडीला रस्त्यावर आणण्याआधी मान्यता देणाऱ्या, तपासणीतून तिला जावे लागले असणार. त्याचा कागद मागा. ब्रिटनमधली कर्ज, चोरी आणि विम्याची माहिती देणारे सशुल्क तपास जरूर करा, पण जपानमधल्या अपघातांबद्दल त्यात एक अक्षरही नसते हे विसरू नका. १९९७ मध्ये निस्सानने ब्रिटनसाठी अधिकृतपणे शंभर आर३३ विकल्या होत्या. त्या गाड्यांना वेगळी किंमत मिळते, म्हणून 'ही ब्रिटनमधलीच आहे' असा दावा कोणी केला तर पुरावा मागा. तुमची गाडी त्यातली नाही.

मीटरच्या आकड्याचे कोडे सोडवता येण्यासारखे आहे. ब्रिटनमध्ये वेग मैलांत दिसावा लागतो, म्हणून आयातीच्या वेळी बहुतेक गाड्यांत एक छोटे रूपांतर यंत्र बसवतात. ते वेगाचा संकेत मैलांत बदलते, पण मीटरवर आधीच जमलेला किलोमीटरचा आकडा तसाच राहतो. म्हणजे ७८,००० पर्यंतचे अंक किलोमीटरचे आणि त्यापुढचे २०,००० अंक मैलांचे, असे झाले असावे. तसे असेल तर २०,००० मैल म्हणजे सुमारे ३२,००० किलोमीटर, आणि गाडी एकूण सुमारे १,१०,००० किलोमीटर, म्हणजे ६८,००० मैलांच्या आसपास चालली आहे. तो आकडा पूर्णपणे किलोमीटरचा मानला तर गाडी आहे त्याहून कमी चाललेली वाटते. पूर्णपणे मैलांचा मानला तर उगाच जास्त. काही गाड्यांत केवळ तबकडीवरचा कागद बदललेला असतो आणि आत किलोमीटरच मोजले जातात. काहींत मूळचा १८० किलोमीटरचा मीटर काढून निस्मोचा (निस्सानच्या स्पर्धा-गाड्यांच्या शाखेचा) जास्त वेग दाखवणारा मीटर बसवलेला असतो आणि त्याची मोजणी शून्यापासून सुरू झालेली असते. खात्री करण्याचा सोपा मार्ग म्हणजे इथल्या वार्षिक एमओटी तपासणीचा सरकारी इतिहास. तो २००५ पासून पुढे संकेतस्थळावर मोफत पाहता येतो आणि त्यात दर वर्षी मीटरचा आकडा आणि एककही असते. तपासनीसाने एकक चुकवलेलेही आढळते, म्हणून एका ओळीवर न जाता सगळी मालिका कागदावर उतरवा आणि दर वर्षीची वाढ काढा. त्याच इतिहासात 'मागच्या सस्पेन्शनजवळ गंज' अशा सूचना कोणत्या वर्षी सुरू झाल्या आणि कोणत्या वर्षी अचानक थांबल्या, हेही दिसते. थांबल्या त्या वर्षी कोणते काम झाले याची पावती हवी. पावती नसेल, तर काळ्या रंगाखाली काहीतरी झाकले आहे असे मी समजतो.

आता प्रत्यक्ष पाहणी. गाडी रॅम्पवर किंवा खड्ड्यावर घेता येईल अशाच ठिकाणी पाहा आणि दिवसाउजेडी, कोरड्या हवेत पाहा. ओल्या गाडीवर रंगातला फरक दिसत नाही. आर३३ मध्ये गंज धरण्याच्या जागा ठरलेल्या आहेत. बॉनेट उघडून पुढच्या सस्पेन्शनचे खांब जिथे सांगाड्याला मिळतात त्या दोन उंचवट्यांकडे पाहा. तिथे पत्र्याचे थर एकमेकांवर आहेत आणि त्यांच्यामध्ये पाणी अडकून आतून गंज वाढतो. वरून रंगाला फुगवटा किंवा सीलच्या रेषेतून तपकिरी डाग दिसला, की आतले नुकसान त्याहून बरेच पुढे गेलेले असते. मागच्या बाजूला डिकीतले अस्तर काढून मागच्या खांबांचे डोके, स्टेपनीचा खड्डा आणि बॅटरीभोवतीचा पत्रा पाहा. या गाडीची बॅटरी डिकीत असते आणि जुन्या बॅटरीचे आम्ल गळून तिथला पत्रा खाल्ला जातो. मागच्या चाकांच्या कमानींची आतली कड अंगठ्याने दाबून पाहा. ती कडकपणे साथ देते की किंचित लवते, हे बोटांना लगेच कळते. दारांखालच्या उंबऱ्यांवर, विशेषतः जॅक लावायच्या जागी, चेपलेला पत्रा जवळजवळ प्रत्येक गाडीत सापडतो. चेपणे चालते, पण तिथला रंग फुटून उंबऱ्यात पाणी शिरले असेल तर तो उंबरा आतून संपत आलेला असतो.

खालून पाहताना ताज्या काळ्या अंडरसीलवर, म्हणजे तळाच्या पत्र्याला लावलेल्या गंजरोधक लेपावर, भाळू नका. चांगले संरक्षण असलेल्या पत्र्यावरही कडा, नट आणि वेल्डिंगच्या रेषा स्पष्ट दिसतात. सगळेच गुळगुळीत आणि एकसारखे काळे असेल, तर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने हलकेच ठोकत पुढे जा. निरोगी पत्र्याचा आवाज टणक येतो. पुट्टी किंवा गंजाच्या पापुद्र्यांवर तो बोदा येतो. विक्रेत्याची परवानगी घेऊनच ठोका, आणि त्याने परवानगी नाकारली तर तीही एक माहितीच आहे. लोहचुंबक वापरणार असाल तर लक्षात ठेवा की जीटी-आर चे बॉनेट ॲल्युमिनियमचे असते. तिथे चुंबक चिकटला नाही म्हणून पुट्टी आहे असे समजू नका, उलट तिथे चिकटला तर बॉनेट मूळचे नाही. पुढच्या दोन चेसिस दांड्यांवर सुरकुत्या, बदललेले वेल्डिंग किंवा एका बाजूचे वेगळे सील दिसले, तर गाडी समोरून धडकलेली आहे. नीट दुरुस्त झालेल्या अपघातातली गाडी मी घ्यायला सांगू शकतो. लपवलेल्या अपघातातली गाडी मात्र कोणत्याही किमतीला घेऊ नका, कारण ज्याने अपघात लपवला त्याने आणखी काय लपवले आहे ते तुम्हाला कधीच कळणार नाही.

इंजिन तपासण्याआधी विक्रेत्याला सांगा की तुम्ही येईपर्यंत गाडी सुरू करू नये, आणि पोचल्यावर बॉनेट उघडून इंजिन खरोखर थंड आहे का ते पाहा. थंड इंजिन सुरू होतानाच धूर, खडखड आणि तेलाचा दाब खरे बोलतात. आरबी२६डीईटीटी हे २.६ लिटरचे, सहा सिलिंडर एका ओळीत असलेले, दोन टर्बोंचे इंजिन आहे. कारखान्याने जाहीर केलेली ताकद २८० अश्वशक्ती होती, कारण जपानी कंपन्यांनी आपसांत तेवढीच मर्यादा मान्य केली होती. थंडीत निळसर धुराचा एखादा झोत व्हॉल्व्हच्या सीलमुळे येऊ शकतो. इंजिन तापल्यावर, ॲक्सिलरेटर सोडून पुन्हा दाबताना निळा धूर आला तर टर्बो किंवा पिस्टनच्या रिंगांचा विचार करा. तेलाचा दाब गरम इंजिनावर, मंद गतीत पाहा. गाडीतला काटा पाठवणारा सेन्सर जुना झाला की वाटेल ते दाखवतो, म्हणून संशय असेल तर यांत्रिक मापक जोडून घ्या. कम्प्रेशनची, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमध्ये किती दाब तयार होतो याची, चाचणी करून घेणे अत्यावश्यक आहे. सहाही सिलिंडरांचे आकडे एकमेकांपासून दहा टक्क्यांच्या आत हवेत आणि सहाव्या सिलिंडरकडे खास लक्ष हवे, कारण तो सर्वांत मागे असल्याने उष्णतेचा मार त्याला अधिक बसतो. त्याच्यासोबत लीक-डाउन चाचणी केली, तर दाब कुठून निसटतो तेही कळते.

टायमिंग बेल्टची मुदत निस्सानने १,००,००० किलोमीटर दिली होती. वरच्या हिशेबाने तुमची गाडी त्या पुढे गेली आहे, आणि किलोमीटर कमी असते तरी रबराचे वय आहेच. जपानमध्ये बेल्ट बदलल्यावर तारीख आणि किलोमीटर लिहिलेली चिकटपट्टी इंजिनकप्प्यात लावायची पद्धत आहे. तशी पट्टी किंवा इथल्या गॅरेजची पावती नसेल, तर बेल्ट, टेन्शनर आणि वॉटर पंप यांचा खर्च किमतीतून वजा करा. हा बेल्ट तुटला तर व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळतात.

४५० अश्वशक्तीचा दावा तुम्हाला आकर्षक वाटला असेल. मला तो चिंतेचा वाटतो. मूळ टर्बोंची एक्झॉस्टकडची चाके सिरॅमिकची होती. हलकी असल्याने ती लवकर फिरू लागतात, पण हवेचा दाब साधारण एक बारच्या वर नेला की फुटण्याचा धोका वाढतो आणि फुटलेले तुकडे कधीकधी इंजिनातही जातात. कारखान्याने दाब मर्यादित ठेवण्यासाठी नळीत एक अरुंद तुकडा बसवला होता. तो काढून दाब वाढवणे हा सर्वांत स्वस्त 'ट्यूनिंग'चा प्रकार आहे. म्हणून विचारायचे ते असे: टर्बो मूळचे आहेत की पोलादी चाकांचे, इंधनाचे इंजेक्टर आणि पंप बदलले का, तेलाचा पंप कोणता, संगणकाचे मॅपिंग कोणी आणि कोणत्या पेट्रोलवर केले, आणि डायनोचा, म्हणजे ताकद मोजणाऱ्या यंत्राचा, कागद कुठे आहे. जपानमध्ये प्रीमियम पेट्रोल शंभर ऑक्टेनच्या घरातले मिळते. त्यावर केलेले मॅपिंग इथल्या ९५ ऑक्टेनवर चालवले, तर ठोके बसून पिस्टन वितळू शकतो. ब्रिटनमध्ये साधे ९५ चे पेट्रोल सप्टेंबर २०२१ पासून ई१०, म्हणजे दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असलेले झाले आहे. अशा जुन्या गाडीत मी केवळ ९९ ऑक्टेनचे ई५ भरायला सांगतो. प्रत्येक सुट्या भागाची पावती आणि ते काम करणाऱ्या गॅरेजचे नाव मिळाले तर ४५० चा आकडा विचारात घ्या. नुसते तोंडी सांगणे असेल, तर ती २८० ची गाडी आहे आणि तिच्यावर अज्ञात प्रयोग झाले आहेत असे मानून किंमत ठरवा. मूळ स्थितीतली, थोडी मळकट पण पावत्यांची जाड फाइल असलेली गाडी माझ्या दृष्टीने अशा गाडीपेक्षा कितीतरी सरस असते आणि पुढे विकतानाही तिलाच जास्त मागणी येते.

चालवून पाहताना चावी फिरवल्यावर लगेच डॅशबोर्डकडे पाहा. फोर-व्हील ड्राइव्ह, एबीएस आणि हायकास, म्हणजे मागची चाके वळवणारी यंत्रणा, यांचे दिवे आधी पेटले पाहिजेत आणि इंजिन सुरू झाल्यावर विझले पाहिजेत. पेटतच राहिले तर बिघाड आहे हे सर्वांनाच कळते. पण मुळात पेटलेच नाहीत तर कोणीतरी बल्ब काढला आहे, आणि घाईत हे हमखास नजरेतून सुटते. हायकास काढून तिथे पक्का दांडा बसवणे हा मान्य फेरबदल आहे, फक्त तो विक्रेत्याने स्वतःहून सांगायला हवा. चारही टायर एकाच मापाचे, एकाच जातीचे आणि सारखे झिजलेले असावेत. पुढच्या-मागच्या टायरांच्या घेरात फरक पडला की अटेसा ही जोर वाटून देणारी यंत्रणा गोंधळते आणि तिच्या क्लचवर ताण येतो. गिअर तिसऱ्यातून चौथ्यात आणि उलट, वेगात आणि सावकाश असे दोन्ही प्रकारे बदला. घरघर किंवा अडखळणे आले तर सिन्क्रो, म्हणजे गिअर सहज जुळवणाऱ्या कड्या, झिजले आहेत. रिकाम्या जागी पूर्ण वळण घेत सावकाश चाला आणि मागून खटखट येते का ऐका. शेवटी गाडी उभी करून दहा मिनिटे तशीच चालू ठेवा आणि तापमानाचा काटा हलतो का, पंखा फिरतो का ते पाहा. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जागेवर आहे का हेही खालून पाहून घ्या; तो काढलेला असेल तर एमओटीच्या वेळी अडचण तुमची आहे, विक्रेत्याची नाही.

सुट्या भागांची स्थिती पूर्वीपेक्षा बरी आहे. निस्मोने २०१७ च्या अखेरीस आधीच्या पिढीच्या आर३२ साठी काही भाग पुन्हा बनवायला सुरुवात केली आणि पुढे आर३३ व तिच्यानंतरच्या आर३४ साठीही. पण सगळे भाग मिळत नाहीत आणि जे मिळतात ते स्वस्त नाहीत. आतले प्लास्टिक, दारांचे रबर आणि दिवे मूळचे आणि शाबूत असतील, तर त्यांची किंमत मनात धरा.

आरएक्स-७ बद्दल थोडक्यात. १९९१ ते २००२ मधली एफडी३एस ही मला अतिशय प्रिय गाडी आहे. वजनाचा तोल आणि वळणांवरची तिची चपळाई स्कायलाइनमध्ये नाही. परंतु तिचे १३बी-आरईडब्ल्यू हे रोटरी, म्हणजे पिस्टनऐवजी फिरते त्रिकोणी रोटर असलेले, इंजिन ज्याला समजते असा माणूस हाताशी नसेल, तर ती घेऊ नका. तिथे साधी कम्प्रेशन चाचणी उपयोगी नाही. प्रत्येक रोटरच्या तिन्ही बाजूंचे वेगवेगळे आकडे देणारे खास यंत्र लागते आणि ते आकडे मिनिटाला २५० फेऱ्यांच्या गतीवर आणून वाचावे लागतात. प्रति चौरस सेंटीमीटर सहा किलोच्या खाली गेले, की इंजिन उघडायची वेळ आली असे समजतात. चांगली तापवून, बंद करून, पाच-दहा मिनिटांनी पुन्हा सुरू करून पाहा. गरम असताना कष्टाने सुरू होणारी आरएक्स-७ सोडून द्या. हे इंजिन नियमाने थोडे तेल जाळते, त्यामुळे तेल पिते ही तक्रार नसते, न पिणे ही असते. दर वेळी तेल तपासायची शिस्त आणि इंजिन पुन्हा बांधण्याइतके पैसे बाजूला असतील तर ती अवश्य घ्या. तुमची ही पहिलीच आयात गाडी असल्याने मी स्कायलाइनच सुचवीन.

हॅरोमध्ये राहत असल्याने आणखी एक खर्च मोजायलाच हवा. २९ ऑगस्ट २०२३ पासून यूएलईझेड हे प्रदूषण नियंत्रण क्षेत्र सबंध ग्रेटर लंडनला लागू आहे. पेट्रोल गाडीला त्यात युरो ४ या युरोपीय प्रदूषण मानकाची पातळी लागते आणि १९९६ ची गाडी सहसा तिच्यात बसत नाही. मग घराबाहेर काढाल त्या प्रत्येक दिवशी साडेबारा पौंड. गाडीचा क्रमांक लंडनच्या वाहतूक प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर टाकून आधीच खात्री करून घ्या. विम्याचे भावही गाडी घेण्याआधी मागवा, प्रत्येक फेरबदल लेखी कळवून, आणि भरपाईची रक्कम आधी ठरवून देणारीच पॉलिसी घ्या; अन्यथा चोरी झाल्यास कंपनी जुन्या निस्सानचा सरसकट भाव पुढे करते. या गाड्या चोरांच्या यादीत वर असतात, म्हणून बऱ्याच विमा कंपन्या ट्रॅकर आणि मान्यताप्राप्त इमोबिलायझर (चावीशिवाय इंजिन सुरू होऊ न देणारी यंत्रणा) मागतात.

बयाण्याचे उत्तर सरळ आहे: गाडी पाहण्यापूर्वी एक पैसाही देऊ नका. गाडी राखून ठेवायची म्हणून काही द्यावेच लागले, तर रक्कम लहान ठेवा आणि 'स्वतंत्र तपासणी समाधानकारक न वाटल्यास रक्कम पूर्ण परत' हे वाक्य, चेसिस क्रमांकासह, दोघांच्या सहीने लिहून घ्या. विक्रेता व्यापारी आहे की खासगी मालक, हेही त्याच कागदावर यायला हवे. व्यापाऱ्याकडून घेतल्यास २०१५ च्या ग्राहक हक्क कायद्याने सदोष गाडी तीस दिवसांत परत करण्याचा हक्क मिळतो. खासगी मालकाकडून घेतल्यास मात्र गाडी वर्णनाप्रमाणे हवी, एवढाच आधार उरतो. म्हणून त्याने जे जे तोंडी सांगितले आहे, ७८,००० किलोमीटर, ग्रेड ४, ४५० अश्वशक्ती, अपघात नाही, ते सगळे पाहणीच्या आदल्या दिवशी त्याच्याकडून ईमेलवर लिहून मागवा. त्याने ते लिहून दिले, तर पाहणीसाठी दिवस ठरवा आणि सोबत आरबी इंजिनावर नेहमी काम करणारा तंत्रज्ञ न्या.